सत्ताविसावी सहल

प्रिय एकोणीस,

तुझं नाव मला पाठ आहे, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. पण हजेरीपटावरचा तुझा आकडा गेली सतरा वर्षं माझ्या डोक्यात नावाच्या आधी येतो, आणि गणिताच्या बाईकडून तूही याहून वेगळी अपेक्षा करणार नाहीस. पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील तर पत्र फाडून टाकावंसं वाटेल. फाड, पण वाचून फाड. अर्धवट सोडवलेलं गणित मी कधी तपासलं नाही, तसं अर्धवट वाचलेलं पत्रही मला चालणार नाही. बघ, बहात्तराव्या वर्षीसुद्धा हुकूम सोडायची खोड गेलेली नाही.

येत्या आठ तारखेला मी त्या शहराला चालले आहे. पाच दिवस, एकटी. कोणतं शहर ते तुला सांगायला नको. आपल्या शाळेची नववीची सहल दरवर्षी जिथे जायची, तुमच्या वर्षी जिथे तू मागे राहिलीस आणि तीन तासांनी सापडलीस, ते. त्यावरून शाळेने तुझ्या दाखल्यावर ‘शिस्तभंग करून समूह सोडला’ असं लिहून दिलं. ते वाक्य मी विसरलेले नाही, तूही नसशील. त्या वाक्याचा निकाल लावायलाच मी बसले आहे. फक्त तिथवर माझ्या चालीने येऊ दे, गुडघे कुरकुरतात.

सव्वीस वर्षं मी ती सहल नेली. दरवर्षी दोन दिवस, म्हणजे बावन्न दिवस मी त्या शहरात काढले, आणि खरं सांगायचं तर मी ते शहर पाहिलेलंच नाही. मी डोकी पाहिली. वेण्या, फिती, टोप्या. मोठ्या दरवाजावर सिंह कोरलेत की घोडे हे मला विचारू नकोस. त्याच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन नळ आहेत, मधला गळतो आणि तिथे मुली एकमेकींना भिजवतात, एवढं मात्र शपथेवर सांगेन. राजवाड्याचं स्वच्छतागृह तिकीटखिडकीच्या मागे. तांबटांच्या गल्लीत ठोक्यांच्या आवाजापुढे शिट्टी ऐकू जात नाही, म्हणून तिथे हात धरून चालायचं. वस्तुसंग्रहालय पस्तीस मिनिटं, मनोरा वीस, राजवाडा पाऊण तास, जुना पूल जाता जाता. दोन दिवसांत अकरा ठिकाणं उरकायची, आणि मुख्याध्यापिकाबाईंना त्याचं कोण कौतुक. परत आल्यावर तुम्ही निबंध लिहायचात, ते सगळे एकसारखे असायचे, कारण सगळ्यांनी माहितीपत्रकावरून उतरवलेले असायचे. तुमच्या वर्षी एक तरी निबंध वेगळा आला असता. तो तुझ्याकडून कुणी लिहून घेतला नाही.

जायचं ठरवलं आणि मुलाला सांगितलं, तेव्हा तो आधी हसला, मग घाबरला, आणि मग त्याने मोबाईल काढला. अर्ध्या तासात एक सहल शोधून माझ्यापुढे धरली. ज्येष्ठांसाठी खास, चार दिवसांत एकवीस ठिकाणं, बरोबर डॉक्टर, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी. मी म्हटलं, बाबा रे, सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गळ्यात पाट्या अडकवल्या, आता माझ्या गळ्यात कुणी अडकवायची नाही. सून मध्ये पडली. म्हणाली, आई, निदान गुडघ्यांचा तरी विचार करा. केलाय म्हटलं. हा सगळा बेत गुडघ्यांशी सल्लामसलत करूनच आखलाय. ती हसू दाबत आत निघून गेली, मुलगा मात्र तोंड फुगवून बसला.

बेत ऐक, कारण त्याचा मला अभिमान आहे. वहीत दोन रकाने आखले, काय बघायचं आणि कुठे बसायचं. दुसरा रकाना आधी भरला. दिवसाला एकच जागा, जास्त नाही. उतरायचं ठिकाण चालवणाऱ्या बाईंना फोन करून तळमजल्याची खोली मागितली. त्या म्हणाल्या, खोलीला फक्त चार पायऱ्या आहेत. मी विचारलं, प्रत्येक पायरीची उंची किती. त्या बिचाऱ्या पट्टी घेऊन बाहेर गेल्या आणि मोजून आल्या. पहिल्या दिवशी सामान टाकायचं, झोपायचं, आणि उन्हं उतरली की जुन्या पुलाच्या कठड्याशी जाऊन बसायचं. पुलावरून माणसं जातात कशी ते बघायचं, मोजायची नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबटांच्या गल्लीत एका दुकानासमोर स्टूल मागून घ्यायचं आणि एक भांडं पत्र्यापासून तयार होईपर्यंत उठायचं नाही. दुपारच्या पुढे मी ‘काहीही नाही’ असं लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात. चौथा दिवस पूर्ण विश्रांतीचा, पाय उशीवर. पाचव्या दिवशी मनोरा खालून बघायचा, चढायचा नाही, आणि घरी यायचं. तिसऱ्या दिवसाचं पुढे सांगते.

एवढं रमतगमत बघायची मला सवय कुठली, म्हणून घरीच सराव केला. फळीवर एक जुनी किटली आहे, तिच्यासमोर रोज वीस मिनिटं खुर्ची टाकून बसायचं ठरवलं. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला मी किटली घासायला उठले. दुसऱ्या दिवशी फळी पुसली. पाचव्या दिवशी बसल्याबसल्या मनातल्या मनात तिचं घनफळ काढलं. सून दारातून डोकावून जायची. दहाएक दिवसांनी मात्र मी नुसती बसले, आणि किटलीच्या बुडाशी एक पोचा दिसला, जो मला तीस वर्षांत दिसला नव्हता. एवढ्यानेच मी हुरळून गेले. शाळेत कुणी शंभरपैकी शंभर मिळवले तरी मी इतकी खूश झाले नसेन.

आता घरातल्या भांडणाचं. शाळेला पन्नास वर्षं होताहेत. दहा तारखेला मोठा समारंभ आहे आणि गणिताच्या खोलीला माझं नाव द्यायचं ठरलंय. दारावर पितळी पाटी बसवायची आहे. निमंत्रणपत्रिकेत छापलंय, ‘सव्वीस सहली, एकही चूक नाही.’ मुलगा माजी विद्यार्थ्यांच्या संघाचा चिटणीस. ते वाक्य त्यानेच लिहिलंय, आईच्या प्रेमापोटी. आणि दहा तारीख म्हणजे माझ्या सहलीचा तिसरा दिवस. सगळ्यांना वाटलं म्हातारीने तारखांचा घोळ घातला. त्यांनी मला समजावलं, पुढच्या महिन्यात जा, हवा पण चांगली असेल. घोळबीळ काही नाही. दहा तारीख बघून, तिच्यावर बोट ठेवून, मी तिकीट काढलं. तुला म्हणून सांगते, ती पाटी मला हवी होती. कुणालाही हवी असते. पण त्या वाक्याखाली मी उभी राहणार नाही, मग कुणी कितीही रुसो.

हे बळ मला गेल्या उन्हाळ्यात आलं, आणि ते दिलं तुझ्या मावशीने, तिच्या नकळत. डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो, तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी, माझ्या उजव्या. एकेका डोळ्याने एकमेकींना ओळखायला जरा वेळ लागला. मग ती बोलत सुटली. तू रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहेस, तिथले सगळे तुझ्यावर विसंबून असतात, हे ऐकून मला बरं वाटलं. पुढचं ऐकून नाही वाटलं. तुला इमारती बांधायचं शिक्षण घ्यायचं होतं आणि त्यासाठी दुसऱ्या गावी राहायला लागलं असतं. तुझे वडील म्हणाले, जी सहलीतून पळते तिला एकटीला कशी सोडू. विषय तिथे संपला. आणि मग ती हसत हसत म्हणाली, आमची ही भाची अजून बसमध्ये चढली की ड्रायव्हरला ऐकू जाईल असं सांगते, मी बसले हं. ऑफिसची गाडी असो नाहीतर लग्नाची, आधी मोठ्याने मी बसले. सगळे तिची थट्टा करतात. मीही हसले. मग औषधाचे थेंब जळजळताहेत असं सांगून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

त्या वेळी काय घडलं ते तुला अर्धंच माहीत आहे. मुलांची बस खेळाच्या सरांकडे आणि मुलींची माझ्याकडे. तुम्ही एक्केचाळीस जणी. बसमध्ये मी नेहमी मागच्या बाकापर्यंत चालत जायचे आणि येताना प्रत्येकीच्या डोक्याला बोट लावून मोजायचे. त्या दिवशी गुडघा सुजला होता. एकीला उलट्या होत होत्या, मागून सरांची बस भोंगा वाजवत होती. मी दारालगतच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर तो मोठा आरसा असतो ना, त्यात बघून डोकी मोजली. एक्केचाळीस भरली. म्हटलं, चला. सव्वा तासाने चहाला थांबलो तेव्हा मी चालत मोजलं आणि चाळीस आली. चौकशीत सगळ्यांनी एकच हिशोब मांडला. बस निघताना एक्केचाळीस होत्या, बाईंची मोजणी कधी चुकत नाही, म्हणजे मुलगी बसमध्ये चढली होती आणि मोजून झाल्यावर हळूच उतरली. तू सांगत होतीस की मी चढलेच नाही. गणिताच्या बाईपुढे चौदा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं.

तीन आठवड्यांनी मी पंधरा मुलींना त्याच बसने एका स्पर्धेला नेत होते. सहज आरशात बघून मोजलं तर सोळा भरल्या. पुन्हा मोजलं, पुन्हा सोळा. सोळावं डोकं आरशाच्या खालच्या कोपऱ्यात होतं. चष्मा, पांढरी बट, तोंडात शिट्टी. मी स्वतःलाच मोजत होते, एकोणीस. तेव्हा तुझा दाखला अजून मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर होता, तुझ्या वडिलांनी तो नेलेला नव्हता. शाळेत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी मूग गिळून बसले. त्यानंतरही दोन वर्षं सहल मीच नेली. मला कुणी अडवलं नाही, कारण माझं काही चुकलंच नव्हतं.

पण नुसती मोजणी चुकली असती तर ती चूक झाली असती. चूक कुणाचीही होते. माझं त्याहून वाईट आहे. सहल नेताना माझी एक पद्धत होती. जिथे वाट फुटते तिथे एका मुलीला उभं करायचं, म्हणजे रांगेच्या शेपटीला कळतं की इथून वळायचं. आम्ही तिला खुणेची मुलगी म्हणायचो. रांग गेली की शेवटी मी यायचे आणि तिला बरोबर घ्यायचे. या कामाला मी वर्गातली सगळ्यात विश्वासाची मुलगी निवडायचे, जी माकड दिसलं म्हणून किंवा मैत्रीण हाका मारतेय म्हणून जागा सोडणार नाही. राजवाड्यातल्या खांबांच्या दालनात, तिसऱ्या खांबाशी, पावणेदोन वाजता, मी तुला उभं केलं. माझे शब्द होते, मी येईपर्यंत हलू नकोस. मग त्या उलट्या करणाऱ्या मुलीला घेऊन मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि तुला न्यायला आलेच नाही. पावणेपाचला परत आले तेव्हा पहारेकरी वैतागला होता. दालन बंद करायची वेळ झाली होती आणि ही मुलगी जागचं हलायला तयार नाही, म्हणाला. तू मला बघितलंस आणि रडली नाहीस. विचारलंस, बाई, आता येऊ का.

म्हणून तिसरा दिवस. दहा तारखेला पावणेदोन ते पावणेपाच मी त्या खांबाशी उभी राहणार आहे. बाकी चारही दिवस इतके सैल ठेवलेत ते याच्यासाठी, की आदल्या दिवशी पाय थकू नयेत आणि दुसऱ्या दिवशी सुजले तर उशी असावी. सून म्हणाली, तीन तास उभं राहणं तुम्हाला झेपणार नाही. झेपेल की नाही ते बघू, म्हटलं, तिला झेपलं होतं. तिथे मला काय दिसेल ठाऊक नाही. छताला रंगवलेलं काही आहे असं म्हणतात, सव्वीस वेळा त्याखालून गेले तरी मान वर केलेली नाही. तुला ते सगळं पाठ असणार. त्यातलं काही मी तुला विचारणार नाही, तो तुझा ठेवा आहे. तू ये असंही म्हणणार नाही.

आता हे पत्र का, ते. माफी मागायला नाही. माफी मागितली की ती द्यायची की नाही हे काम तुझ्या गळ्यात पडतं, आणि नको ते काम देऊन तुला मी एकदा उभं केलेलं आहे. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत तू म्हणालीस, बाईंनीच मला तिथे उभं केलं होतं, आणि माझ्याकडे बघितलंस. मी फाइलकडे बघितलं आणि म्हटलं, मला आठवत नाही. मला आठवत होतं. तेव्हाही, नंतर रोजही. आजच्या मुख्याध्यापकांना मी हे लिहून दिलं, तर ते म्हणाले, जुनी नोंद आता बदलता येत नाही, आणि बाई, ऐन समारंभात कशाला. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, आई, हे आता कुणाला आठवतंय. मग मी त्याच्या कपाटातून माजी विद्यार्थ्यांची यादी काढली, न विचारता, आणि तुझ्या वर्गातल्या चाळीसही मुलींना हाताने एकेक पत्र लिहिलं. एक तुझ्या वडिलांनाही लिहिलं. ती सगळी उद्या टपालात पडतील. हे आज टाकतेय, कारण दोनतीन दिवसांत तुझा फोन वाजायला लागेल, आणि तुझी गोष्ट दुसरीच्या तोंडून तुला कळावी असं पुन्हा घडायला नको. शाळा नोंद बदलो न बदलो. दारावर पाटी लावायची तर सगळ्या मुलींचं हे वाचून झाल्यावर लावू देत. त्या पत्रांत दोनच ओळी आहेत, खाली माझी सही आणि तारीख. एकोणीस क्रमांकाची मुलगी त्या दिवशी सांगितलेल्या जागी, सांगितल्याप्रमाणे, तीन तास उभी होती. ती हलली नाही, हललो ते आपण.

तुझीच, हक्क नसताना,
गणिताच्या बाई